ऊन साऱ्यांना, सावली मूठभरांना!

मार्च महिना उजाडला की वृत्तपत्रांतून उन्हाच्या बातम्या सुरू होतात. आज नागपूर किती तापले, काल अकोला किती तापले होते, चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या पुढे कसा गेला, याचे आकडे रोज छापून येतात. त्या आकड्यांच्या शेजारी सरकारी सल्ल्याची एक चौकट असते. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल आणि सुती कपडे वापरा, गरोदर मातांनी विशेष काळजी घ्यावी! ही चौकट वाचून आम्हाला दरवर्षी एकच प्रश्न पडतो. हा सल्ला नेमका कोणासाठी आहे? जिची दुपारी बारा ते चार ही मजुरीचीच वेळ आहे, जिच्या कामाच्या जागी पिण्याच्या पाण्याचा माठ नाही, लघवीला जायला आडोसा नाही म्हणून जी दिवसभर मुद्दाम पाणी पीत नाही, आणि सातवा महिना असूनही जिला घरी बसणे परवडत नाही, त्या बाईने विशेष काळजी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे?

ऊन जात विचारत नाही, हे खरे आहे. पण उन्हात कोणी उभे राहायचे आणि सावलीत कोणी बसायचे, हे या देशात जातीने केव्हाच ठरवून ठेवले आहे. वीटभट्टीवर कोण असते? उसाच्या फडात कोण असते? रस्त्याच्या कामावर डांबराच्या पिंपाजवळ कोण असते? शहरात भर दुपारी कचऱ्याच्या ढिगावर वाकलेली बाई कोणाची असते? ही यादी आमच्या वाचकांना पाठ आहे. आता अभ्यासकही तेच सांगू लागले आहेत. २०१९ आणि २०२२ च्या उष्णतेच्या लाटांच्या काळात देशातील लाखभर कामगार किती वेळ उघड्यावर राबत होते, याचा हिशेब काही भारतीय संशोधकांनी मांडला. तो २०२५ मध्ये लोकसंख्याशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अनुसूचित जाती आणि जमातींच्या कामगारांच्या कामाच्या तासांपैकी उघड्यावर जाणारा वाटा इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे, असे त्यात दिसून आले. ज्याला आपण पिढ्यान्पिढ्या अनुभव म्हणत होतो, त्याला आता आकड्यांचा आधार मिळाला आहे.

कामावरून घरी आले तरी ऊन पाठ सोडत नाही. जुन्या गावाची रचना डोळ्यांसमोर आणा. पार, वडा-पिंपळाची झाडे, विहीर, जाड भिंतींचे वाडे हे सारे गावाच्या पोटात. आपली वस्ती गावकुसाबाहेर, मुरमाड जमिनीवर किंवा गायरानावर. तिथे झाड मोठे होण्याआधीच अतिक्रमणाची नोटीस येते. शहरात आलो तर नाल्याच्या काठी, रेल्वे रुळाच्या कडेला पत्र्याची घरे वाट्याला आली. पत्रा दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. त्याच दहा बाय दहाच्या खोलीत चूल किंवा स्टोव्ह पेटतो आणि त्याच्यासमोर बसलेली असते घरातली गरोदर सून. ज्याला रात्री शरीर थंड करून घेता येते, तो दुसऱ्या दिवशीचे ऊन सोसू शकतो. जिला रात्रीही गारवा मिळत नाही, तिच्या शरीरात आदल्या दिवसाचा ताण दुसऱ्या दिवसावर साचत जातो.

आता गरोदर बाईच्या शरीरात उन्हाने काय होते ते नीट समजून घेऊ. गरोदरपणात शरीराचे काम वाढते. रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, पोटातले बाळ स्वतःची उष्णता तयार करते आणि ती आईच्याच शरीराला बाहेर टाकावी लागते. उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग म्हणजे रक्त कातडीकडे धावणे आणि घाम येणे. पण तेच रक्त वारेकडे, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या त्या दुव्याकडेही जायला हवे असते. कष्टाचे काम चालू असेल तर हातापायांचे स्नायूही तेच रक्त मागतात. एकाच रांजणातून तीन घरांना पाणी पुरवायचे आणि रांजण भरणारा कोणी नाही, अशी ही अवस्था असते. त्यात घाम जाऊन शरीर कोरडे पडले की रक्त घट्ट होते, वारेकडचा पुरवठा घटतो आणि कधी दिवस भरण्याआधीच कळा सुरू होतात. ज्या बाईच्या अंगात रक्तच कमी आहे, तिच्यासाठी हे संकट दुप्पट होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अनुसूचित जातींत हे प्रमाण सुमारे ५९ टक्के, तर अनुसूचित जमातींत सुमारे ६५ टक्के आहे. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त ऊन, त्यांच्याच अंगात सर्वांत कमी रक्त!

याला कोणी भावनेचा विषय म्हणून झटकू नये. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२० मध्ये २७ देशांतील ७० अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. तापमान एका अंशाने वाढले की मुदतपूर्व प्रसूतीची आणि मृत बाळ जन्मण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते आणि उष्णतेच्या लाटेत मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता १६ टक्क्यांनी वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. आफ्रिकेतील गांबिया देशात शेतात राबणाऱ्या ९२ गरोदर स्त्रियांची कामाच्या जागीच तपासणी झाली. उष्णतेचा ताण एका अंशाने वाढला की पोटातल्या बाळाच्या हृदयावरील ताणाची शक्यता १७ टक्क्यांनी वाढत होती. आणि आपल्याच देशात, तामिळनाडूत, चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेच्या संशोधकांनी शेतात, वीटभट्टीवर, मिठागरात काम करणाऱ्यांसह ८०० गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, जास्त उष्णतेत काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचा धोका दुपटीहून अधिक आढळला. या बायका आजारी नव्हत्या. त्यांचा गुन्हा एवढाच की पोट वाढत असतानाही त्यांना पोटासाठी राबावे लागत होते.

येथपर्यंतची चर्चा निदान अधूनमधून कोठेतरी होते. कारण येथपर्यंत प्रश्न बाळाचा असतो. बाळ कमी वजनाचे जन्मले, बाळ दगावले, बाळ लवकर आले, याची नोंद होते. पण आईचे काय? सरकारच्या लेखी माता-मृत्यू म्हणजे गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू. हा हिशेब जगभर असाच मांडला जातो. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. हा आकडा वर्षानुवर्षे कमी होत आला आहे आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्रेचाळिसाव्या दिवशी ती बाई वहीतून बाहेर पडते. त्या दिवसानंतर ती माता राहत नाही, ती पुन्हा नुसती मजूर होते.

शरीर मात्र काहीच विसरत नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढला, अंगावर सूज आली, झटके आले आणि त्यातून बाई वाचली, तर आपण सुटकेचा श्वास टाकतो. परंतु अशा बाईला पुढील आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघात होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असतो, तिची मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोकाही वाढतो, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. गरोदरपणात रक्तातील साखर वाढली असेल तर पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका सात ते दहा पट असतो. जिची प्रसूती दिवस भरण्याआधी झाली, तिलाही पुढे हृदयविकाराचा धोका अधिक असतो. आणि उन्हाचा संबंध मुदतपूर्व प्रसूतीशी तर आहेच, शिवाय गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाशी आणि साखरेशीही अनेक अभ्यासांत दिसून आला आहे. याचा साधा अर्थ असा की विसाव्या वर्षी उन्हात काढलेल्या गरोदरपणाचे बिल पंचेचाळिसाव्या वर्षी येते. तेव्हा ती बाई चक्कर येऊन पडते, एक हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते. घरचे म्हणतात बाहेरचे काही झाले, डॉक्टर म्हणतो आधी का आला नाहीत, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले जाते हृदय बंद पडल्याचे. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा, ती डांबराची धग, तो मुकादम यांचे नाव कोणत्याही कागदावर येत नाही.

यावर काही मंडळी हसून म्हणतात, आमच्या आज्या नाही का शेतात काम करता करता बाळंत होत होत्या? बांधावर बाळंत व्हायच्या आणि मूल पदरात घेऊन घरी यायच्या! ही कौतुकाची भाषा आपल्यातलेही काही लोक बोलतात, म्हणून तिला उत्तर देणे भाग आहे. त्या आज्या काटक होत्या यात शंका नाही. पण त्यांच्यातल्या किती जणी नातवंडांची लग्ने पाहायला जगल्या? त्यांची किती मुले मातीआड गेली? डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे भीमाबाईंचे चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी पाच मुले जगली आणि बाबासाहेब लहान असतानाच भीमाबाई गेल्या. माता रमाईंनी पाच मुलांना जन्म दिला, त्यांपैकी चार लेकरे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, एकटे यशवंतराव जगले. रमाई स्वतः आजारात झिजत २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्या घरांतील दुःख उन्हामुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. गरिबी, उपासमार, औषधाचा अभाव अशी त्याची अनेक कारणे होती. आम्ही एवढेच म्हणतो की आपल्या आयांच्या काटकपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी त्यांच्या घरातील थडगी मोजावीत. सोसणे हा आपल्या बायकांचा गुण म्हणून सांगितला जातो तेव्हा त्यांना सोसायला लावणारा मोकळा सुटतो.

दुसरीकडे पाहा. गरोदर बाईला विश्रांती हवी, गारवा हवा, चांगलेचुंगले खायला हवे, हे या समाजाला कळत नव्हते असे मुळीच नाही. डोहाळजेवण, झोपाळा, माहेरपण, सव्वा महिन्याची खोली, डिंकाचे लाडू हे सारे काय सांगते? गरोदर आणि बाळंत बाईची काळजी कशी घ्यावी याचे ज्ञान येथे शेकडो वर्षांपासून आहे. ते ज्ञान कोणाच्या सुनेसाठी वापरायचे आणि कोणाच्या सुनेला त्याच घरचे शेण काढायला बोलवायचे, एवढाच प्रश्न होता. तो प्रश्न आजही संपलेला नाही.

हा प्रश्न आजच्या महाराष्ट्रात सर्वांत उघडा कोठे पडतो, तर उसाच्या फडात. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांत राहतात. यांत दलित आहेत, बंजारा आहेत, वंजारी आहेत, कोरडवाहू शेतीने नाडलेले मराठाही आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, दोघांच्या नावावर एक उचल घेतली जाते. बाई गरोदर असली तरी कोयता अर्धा होत नाही. ती पहाटे उठून ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. एक दिवस घरी राहिली तर खाडा धरला जातो, दंड कापला जातो. बाळंत झाल्यावर काही दिवसांतच ती पुन्हा फडात असते. फडात सावली नाही, शौचालय नाही, पाणी लांब. म्हणून पाणी कमी पिणे, लघवी दाबून धरणे, त्यातून जंतुसंसर्ग, अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे हे ठरलेलेच.

आणि मग दवाखान्यातून उपाय सांगितला जातो, पिशवी काढून टाका! बीड जिल्ह्यातील हा प्रकार २०१९ मध्ये देशभर गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहा बायकांमागे एकीची. राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर ऐन तारुण्यात पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकार लवकर गाठतो. म्हणजे उन्हात आणि ओझ्याखाली काढलेल्या बाळंतपणाने जे शरीर खिळखिळे झाले, त्याच शरीरावर दुसरा घाव घालून ते पुन्हा फडासाठी तयार करायचे. साखर गोड लागते ती या हिशेबावर!

उसाच्याच फडातला आणखी एक धडा सातासमुद्रापलीकडून आला आहे. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत, ऐन तारुण्यातील ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. त्यांना ना मधुमेह होता, ना आधीपासून रक्तदाब. कडक उन्हात पाण्याविना अंगमेहनत हे त्यामागचे एक मोठे कारण असल्याचे संशोधकांना दिसून आले. तेथील एका कारखान्यात मजुरांना ठरावीक वेळी विश्रांती, फिरती सावली आणि पुरेसे पाणी देण्यास सुरुवात झाली, तेव्हा मूत्रपिंडांना होणारी इजा घटली. औषधाचा शोध लावावा लागला नाही. पाणी, सावली आणि विश्रांती! आपल्या फडातल्या गरोदर बाईला या तिन्हींपैकी एकही गोष्ट हक्काने मिळत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात एक आकडा दिला होता. भारतातील दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. साडेचौदा वर्षे! यात ऊन हे एकमेव कारण नाही. अन्न, पाणी, दवाखाना, कामाचे स्वरूप, अपमान हे सारे त्यात आले. पण ही वर्षे एका दिवसात कोणी हिसकावून घेतलेली नाहीत. ती गरोदरपणाच्या एकेका दुपारी थोडी थोडी कापली जातात आणि ज्याची कापली जातात त्यालाही पत्ता लागत नाही.

या दुखण्यावर उपाय काय, हे शोधायला आम्हाला परदेशी तज्ज्ञांची वाट पाहण्याची गरज नाही. तो उपाय २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सांगितला गेला आहे. स्त्री कामगारांना प्रसूतीच्या काळात लाभ देणारे विधेयक चर्चेला होते. याचा बोजा मालकांवर पडेल आणि ते स्त्रियांना कामच देणार नाहीत, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. बाबासाहेब विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. आईला प्रसूतीपूर्वी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांचे कल्याण पाहणे हे सरकारचे काम आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. मात्र मालकालाही त्यांनी सोडले नाही. मालक स्त्रियांना कामावर ठेवतो तो त्यात त्याचा फायदा असतो म्हणूनच, तेव्हा त्याचीही जबाबदारी आहे, हे त्यांनी बजावले. पोटचा राजरत्न जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे कामही बाबासाहेबांनी पुढे नेले. आणि आपल्या भगिनींनी तरी वाट कोठे पाहिली? २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेत हजारो स्त्रिया जमल्या होत्या. गिरणी, विडी, नगरपालिका, रेल्वे येथे राबणाऱ्या बायकांना पगारी रजा मिळाली पाहिजे, असा ठराव त्या परिषदेने केला होता.

त्या ठरावाचे आज काय झाले ते पाहा. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला, २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. चांगले झाले. पण ही रजा कोणाला? जिथे हजेरीपट आहे, नोकरी आहे, दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेली आस्थापना आहे, तिथल्या बाईला. देशातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत आणि त्यांत आपल्या बायका सर्वांत मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी आहे प्रधानमंत्री मातृवंदना योजना. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये देण्याचे वचन दिले होते. २०१७ मध्ये आलेल्या योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये ठरवले आणि नंतर दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० रुपये. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली तरी ५,००० रुपये म्हणजे जेमतेम १७ दिवसांची मजुरी होते. एका बाईला १८२ दिवसांची पगारी विश्रांती आणि दुसरीला १७ दिवसांची! दोघींच्या पोटात नऊच महिने असतात. ज्या बाईचे काम सावलीत, तिला सहा महिने. जिचे काम उन्हात, तिला अडीच आठवडे. कायद्यापुढे समानता ती हीच काय?

पैसा नाही, असे उत्तर नेहमीप्रमाणे दिले जाईल. तामिळनाडू सरकार मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतून गरीब गरोदर स्त्रीला रोख आणि पोषणाच्या वस्तू मिळून १८,००० रुपयांची मदत देते. एक राज्य देऊ शकते तर साखर कारखान्यांचे, बंदरांचे आणि बँकांचे हे श्रीमंत राज्य का देऊ शकत नाही? काही गोष्टींना तर पैसाही फारसा लागत नाही. अहमदाबादच्या एका सार्वजनिक रुग्णालयात प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. २०१० च्या भीषण उन्हाळ्यात तेथील नवजात बाळे उष्णतेने आजारी पडू लागली. नंतर तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि उष्णतेमुळे बाळांना अतिदक्षता विभागात हलवावे लागण्याचे प्रमाण घटले. खाटा वरून खाली आणल्या, एवढेच! तरीही आपले नियोजन कसे चालते? देशातील ३७ उष्णता कृती आराखड्यांची २०२३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा उन्हाचा सर्वाधिक फटका कोणाला बसतो याचा नीट अभ्यास केलेले आराखडे फक्त २ निघाले. ज्या आराखड्यात फडातली बाई दिसतच नाही, त्यात तिच्यासाठी सावली कोठून येणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक कष्टकरी गरोदर स्त्रीला, ती कोणाकडे काम करते हे न विचारता, सातव्या महिन्यापासून बाळंतपणानंतर किमान तीन महिन्यांपर्यंत किमान वेतनाइतकी बुडीत मजुरी सरकारने द्यावी, आणि कारखाने, ठेकेदार, भट्टीमालक यांच्याकडून त्यातील वाटा वसूल करावा. उघड्यावरील प्रत्येक कामावर सावली, पाणी, शौचालय आणि उन्हाळ्यात दुपारची पगारी सुट्टी सक्तीची करावी. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामाच्या जागी सावली, पाणी आणि पाळणाघर लिहिलेले होते. ते कागदावरच राहिले, हा अनुभव पुन्हा येता कामा नये. सार्वजनिक रुग्णालयांतील प्रसूती कक्ष थंड जागी असावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, बेचाळीस दिवसांनी वही मिटू नये. गरोदरपणात जिचा रक्तदाब किंवा साखर वाढली होती, जिची प्रसूती अवेळी झाली होती, तिची दरवर्षी मोफत तपासणी आणि औषधोपचार आयुष्यभर व्हावेत आणि ती नोंद तिच्याबरोबर फडावर, भट्टीवर, शहरात जाईल अशी व्यवस्था असावी.

सरकारकडे मागताना चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. आपली भीमजयंती ऐन एप्रिलात येते. त्या दिवशी गावोगावी आपण पाणपोया लावतो. त्याच मंडपात रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र ठेवायला किती खर्च येतो? वस्तीतील महिला मंडळाने गरोदर बायकांची यादी करून दुपारच्या वेळी बुद्धविहाराचे दार त्यांच्यासाठी उघडे ठेवायला कोणाची परवानगी लागते? चाळिशी ओलांडलेल्या आपल्या आईला, सासूला, वहिनीला एवढे तरी विचारा की तुझ्या बाळंतपणात काय झाले होते, सूज आली होती का, झटके आले होते का, आणि तिला घेऊन दवाखान्यात जा. आपल्या संघटनांच्या निवेदनांत आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार हे विषय असतात आणि ते असलेच पाहिजेत. त्यांच्याच रांगेत आता गरोदर मजूर स्त्रीच्या पगारी विश्रांतीची मागणी पहिल्या पानावर आली पाहिजे. १९२८ मध्ये जे बाबासाहेबांना कायदेमंडळात उभे राहून मांडावेसे वाटले, ते शंभर वर्षे होत आली तरी उसाच्या फडापर्यंत पोहोचलेले नाही. येत्या उन्हाळ्याआधी प्रत्येक तहसील कार्यालयावर हा प्रश्न घेऊन गेलो नाही, तर पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तीच चौकट छापून येईल आणि आपल्या बायका पुन्हा त्याच उन्हात उभ्या असतील.

जयभीम!